रुईच्या झुडपावरील वस्ती

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही पुढील गोष्टी करू शकाल –
- रुईच्या झुडपावर राहणाऱ्या प्रमुख जीवांची ओळख सांगणे;
- झाडाचे विष आणि कीटकांचे जीवन यांतील संबंध स्पष्ट करणे;
- भक्ष्य, भक्षक आणि परजीवी यांतील फरक उदाहरणांसह सांगणे;
- शास्त्रीय विषयावरील गद्य वाचून त्यातील मुद्दे स्वतःच्या शब्दांत मांडणे.

प्रास्ताविक

रेल्वेमार्गाच्या कडेला, पडीक शेताच्या बांधावर किंवा मोडक्या भिंतीच्या आडोशाला एक राखट हिरवे झुडूप तुम्ही अनेकदा पाहिले असेल. त्याची पाने जाड असतात, पानांच्या पाठीवर पांढरी लव असते आणि पान तोडताच दुधासारखा पांढरा चीक ठिबकू लागतो. मराठीत या झुडपाला रुई म्हणतात. संस्कृतात ते अर्क, हिंदीत आक किंवा मदार, तमिळमध्ये एरुक्कु आणि तेलुगूमध्ये जिल्लेडु या नावांनी ओळखले जाते. महाराष्ट्रात शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ वाहतात. एवढा प्रसंग सोडला तर या झुडपाकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. गुरेही त्याच्याकडे पाठ फिरवतात. अशा या उपेक्षित झुडपावर एक भरगच्च वस्ती नांदत असते. तिची ओळख प्रस्तुत पाठात करून घ्यावयाची आहे.

मूलपाठ

१. झाडाची ढाल

भारतात रुईच्या दोन जाती सर्वत्र आढळतात. त्यांची शास्त्रीय नावे कॅलोट्रॉपिस जायगँटिया आणि कॅलोट्रॉपिस प्रोसेरा अशी आहेत. पहिलीची फुले फिकट जांभळी किंवा पांढरी असतात. दुसरीच्या पाकळ्यांची टोके गडद जांभळी असतात. दोन्ही जाती कोरड्या, निकस जमिनीतही तग धरतात. भर उन्हाळ्यात भोवतालचे गवत करपून जाते, तेव्हाही रुई हिरवीगार असते.

उन्हाळ्यात एकटे हिरवे राहणे ही तशी धोक्याची गोष्ट आहे. भुकेल्या प्राण्यांचे लक्ष अशा झाडाकडे आधी जाते. या धोक्यापासून रुईचे रक्षण तिचा चीक करतो, आणि तो दोन प्रकारे करतो. एक तर तो हवा लागताच घट्ट व चिकट होतो. पानाचा लचका तोडणाऱ्या लहान कीटकाचे तोंडच त्यात चिकटून बसते. दुसरे म्हणजे त्यात हृदयावर परिणाम करणारी विषे असतात. प्राण्यांच्या पेशींत सोडियम आणि पोटॅशियम यांची ने-आण करणारे एक प्रथिन असते. त्याला पंपाची उपमा देतात. रुईचे विष या पंपाला अडकून बसते व त्याचे काम थांबवते. परिणामी हृदयाची लय बिघडते. वनस्पतींच्या पेशींत असा पंप नसतो, म्हणून रुईला स्वतःच्या विषाची बाधा होत नाही.

रुईच्या विषारीपणाची जाण आपल्याकडे फार जुनी आहे. महाभारताच्या आदिपर्वात धौम्य ऋषींच्या उपमन्यू नावाच्या शिष्याची कथा आहे. भुकेने व्याकूळ होऊन त्याने अर्काची पाने खाल्ली, त्यामुळे तो आंधळा झाला आणि विहिरीत पडला, असे त्या कथेत सांगितले आहे. रुईचा चीक डोळ्यात गेल्यास बुबुळाला इजा होते, ही गोष्ट आजचे वैद्यकशास्त्रही सांगते.

पाठगत प्रश्न १
१. रुईचा चीक झाडाचे रक्षण कोणत्या दोन प्रकारे करतो?
२. रुईला स्वतःच्या विषाची बाधा का होत नाही?

२. फूल आणि भुंगा

रुई सर्वांनाच दूर ठेवू शकत नाही. बी धरण्यासाठी तिला पाहुण्याची गरज असते. तिच्या फुलाच्या मध्यभागी मुकुटासारखी मांसल रचना असते आणि त्या मुकुटाच्या आत मध असतो. येथे पराग सुट्या भुकटीच्या रूपात नसतात. ते दोन-दोन पिवळ्या पुड्यांच्या जोडीत बांधलेले असतात आणि प्रत्येक जोडीला वर एक बारीक चिमटा असतो. या पुड्यांना परागपुंज म्हणतात.

मधासाठी येणारा मुख्य पाहुणा म्हणजे मोठा काळा भुंगा. वाळक्या लाकडात भोके पाडून हा भुंगा घर करतो, म्हणून त्याला सुतार भुंगा असेही म्हणतात. तो फुलावर बसला की त्याच्या शरीराला परागपुंजाचा चिमटा अडकतो. भुंगा जोराने उडतो आणि ती जोडी ओढून नेतो. पुढच्या फुलावर नेमक्या खाचेत परागपुंज बसला, की परागण होते. हे काम अंगात बळ असलेल्या कीटकालाच जमते. लहान कीटक फुलात अडकले तर पुष्कळदा सुटू न शकल्याने तेथेच मरतात.

फुलांच्या आडोशाला खेकडा-कोळीही दबा धरून बसतो. तो जाळे विणत नाही. पुढचे पाय खेकड्यासारखे पसरून तो निश्चल राहतो आणि मधासाठी आलेल्या माशीला पकडतो. अशा प्रकारे एकच फूल कोणाचे अन्न, कोणाचा सापळा आणि कोणाची शिकारीची जागा ठरते.

३. अळीची युक्ती

रुईभोवती मंद गतीने उडणारे एक तांबूस-नारिंगी फुलपाखरू हमखास दिसते. त्याच्या पुढच्या पंखांची टोके काळी असून त्यांवर पांढरे ठिपके असतात. इंग्रजीतून आलेले 'प्लेन टायगर' हे त्याचे नाव आता मराठीतही रुळले आहे. आफ्रिकेपासून आशियापर्यंत त्याचा वावर आहे. याची मादी पानाच्या खालच्या बाजूला एकेक अंडे घालते. ती अंडी घालण्यासाठी कोणतेही झाड निवडत नाही. रुई आणि तिच्याच कुळातील चिकाळ वनस्पती याच तिच्या पिल्लांचे अन्न असतात.

अंड्यातून बाहेर पडलेली अळी प्रथम अंड्याचे कवच खाते आणि मग पानाकडे वळते. तिच्या अंगावर काळे, पांढरे आणि पिवळे पट्टे असतात. पाठीवर काळ्या मऊ धाग्यांच्या तीन जोड्या असतात. जेथे बैलही तोंड लावत नाही, तेथे ही इवलीशी अळी पोट कसे भरते?

तिच्याकडे एक युक्ती आहे. पानातील चीक शिरांमधून वाहतो. या वंशातील अळ्या खाण्यापूर्वी पानाची शीर कुरतडतात. चीक तेथेच वाहून जातो व शिरेच्या पुढच्या भागाकडे येणारा त्याचा पुरवठा तुटतो. मग अळी तो भाग निवांतपणे खाते. पाटाचे पाणी बारे फोडून दुसरीकडे वळवावे, तसाच हा प्रकार आहे. पण ही युक्ती प्रत्येक वेळी साधतेच असे नाही. उत्तर अमेरिकेत मोनार्क नावाचे याच वंशातील फुलपाखरू आहे. त्याच्या अभ्यासात असे आढळले आहे की, कित्येक नवजात अळ्या पहिल्याच घासाला चिकात अडकून मरतात.

अळीची पूर्ण वाढ झाली की ती हिरवा किंवा फिकट गुलाबी कोश करून लटकते. कोशावर सोनेरी ठिपके चमकतात. उबदार हवेत अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास साधारणपणे तीन ते चार आठवड्यांत पुरा होतो.

पाठगत प्रश्न २
१. परागपुंज म्हणजे काय?
२. शीर कुरतडल्यामुळे अळीला कोणता लाभ होतो?

४. विष पचवणारे

शीर तोडली तरी पानातील सारे विष नाहीसे होत नाही. काही विष अळीच्या पोटात जातेच. मग ती मरत का नाही? या प्रश्नाचे उत्तर प्रथम मोनार्कच्या अभ्यासातून मिळाले. त्याच्या पेशींतील सोडियम-पोटॅशियम पंपाच्या रचनेत थोडेसे बदल झालेले आहेत, त्यामुळे विषाला तेथे पकड मिळत नाही. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी फळमाशीच्या जनुकात असेच तीन बदल घडवून आणले, तेव्हा त्या माश्याही हे विष सहन करू लागल्या. त्याआधी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून आणखी एक गोष्ट पुढे आली होती. फुलपाखरे, भुंगेरे, माश्या आणि ढेकूणवर्गीय कीटक यांचा परस्परांशी जवळचा संबंध नाही. तरीही विषारी झाडांवर जगणाऱ्या त्यांच्या काही जातींत पंपातील जवळजवळ सारखेच बदल स्वतंत्रपणे घडून आले आहेत.

विष केवळ सहन करून हे कीटक थांबत नाहीत. त्यांतील अनेक जण ते शरीरात साठवतात. लिंकन ब्राउअर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात विषारी चिकाळ झाडांवर वाढलेली मोनार्क फुलपाखरे ब्लू जे या पक्ष्याला खाऊ घातली. थोड्याच वेळात पक्ष्याला उलटी झाली. त्यानंतर तसे फुलपाखरू समोर येताच तो ते नाकारू लागला. प्लेन टायगरचाही असाच दबदबा आहे. मात्र सर्व प्लेन टायगर फुलपाखरांत विषाचे प्रमाण सारखे नसते. काही जवळजवळ बिनविषारी असतात. तीही आपल्या विषारी भाईबंदांच्या नावलौकिकावर सुरक्षित राहतात.

५. रंगांची भाषा

रुईवरील रहिवाशांचे रंग डोळ्यांत भरणारे असतात. रुईवरचा टोळ पिवळ्या आणि निळ्या पट्ट्यांनी नटलेला असतो. त्याच्या वाढत्या पिल्लाला पकडले तर ते काही इंच अंतरापर्यंत द्रवाची पिचकारी मारते. फळांजवळ लाल-काळे ढेकूण घोळक्याने बसलेले दिसतात. कोवळ्या फांद्यांवर पिवळ्याधमक माव्याचा थर साचलेला असतो. हे सारे कीटक लपून का राहत नाहीत? कारण त्यांचे रंग हीच एक पाटी आहे : 'मला खाऊ नका, पस्तावाल!' एकदा पस्तावलेला पक्षी तो रंग विसरत नाही.

या पाटीची नक्कलही होते. डॅनाइड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. तिची अळी रुईवर वाढत नाही. ती घोळीसारख्या निरुपद्रवी वनस्पती खाते. तिच्याजवळ रुईचे विष नसते, पण विषारी फुलपाखराचा वेश असतो. तिचा नर मात्र काळा असून त्याच्या पंखांवर निळसर झाक असलेले मोठे पांढरे डाग असतात. नर-मादी शेजारी बसली तरी ती एकाच जातीची आहेत, हे सांगून खरे वाटत नाही.

६. शत्रू आणि सोबती

रुईवरील माव्याच्या वसाहतीत सहसा माद्याच असतात. मीलनावाचून त्या जिवंत पिल्लांना जन्म देतात, त्यामुळे पाहता पाहता फांदी पिवळी होऊन जाते. गर्दी वाढली की पंख असलेल्या माद्या जन्मतात आणि दुसऱ्या झुडपावर बस्तान बसवतात. मावा झाडाचा रस शोषतो व गोड चिकटा बाहेर टाकतो. हा चिकटा चाटण्यासाठी मुंग्या येतात.

माव्याची चाहूल लागताच त्याचे शत्रूही येतात. ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या माव्याचा फडशा पाडतात. सिरफिड माशीच्या अळ्याही तेच करतात. काही इवल्या गांधीलमाश्या माव्याच्या शरीरात अंडे घालतात. त्यातून निघालेली अळी माव्याला आतून खाते आणि शेवटी माव्याचे फुगलेले, तपकिरी कवच तेवढे पानाला चिकटून उरते. भक्ष्याला मारून खातो तो भक्षक, आणि दुसऱ्याच्या शरीरावर किंवा शरीरात राहून जगतो तो परजीवी, हा भेद येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. प्लेन टायगरच्या अळ्याही परजीवी माश्यांच्या तावडीतून सुटत नाहीत. विष ही ढाल आहे, पण ती प्रत्येक शत्रूपुढे टिकत नाही.

हिरव्या, फुगीर फळांच्या आतही वस्ती असते. एक फळमाशी खास रुईच्या फळांवरच जगते. तिच्या अळ्या आतील कोवळ्या बिया खातात. जी बी यातून वाचते, ती फळ वाळून तडकल्यावर रेशमी तंतूंचा झुपका घेऊन वाऱ्यावर निघते. या उडणाऱ्या बीला मराठी मुले 'म्हातारी' म्हणतात. एखादी म्हातारी दूरच्या पडीक जागी टेकते, तेथे नवे झुडूप उगवते आणि त्याच्या शोधात पुन्हा तेच पाहुणे येऊ लागतात.

७. एका झुडपाचे मोल

रुई दुर्मीळ नाही. खोडापासून तोडली तरी ती मुळातून पुन्हा फुटते. तेव्हा वाटेतील एखादे झुडूप तोडले तर काय बिघडले, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. झुडूप तोडले जाते तेव्हा पंख असलेले जीव उडून जातात. पण पानाखालचे अंडे, अर्धी वाढलेली अळी आणि फांदीला लटकलेला कोश यांना पळता येत नाही. शेजारचे आंब्याचे किंवा पेरूचे झाड कितीही हिरवे असले तरी ही अळी त्यावर जगू शकत नाही. झुडपाला पुन्हा पाने फुटेपर्यंत ती पिढी संपलेली असते. एखाद्या भागातील सारीच झुडपे एकदम साफ केली, तर अंडी घालण्यासाठी निघालेल्या मादीला फार दूर जावे लागते.

माणसाने रुईला निरुपयोगी ठरवले, ते आपल्या गरजांच्या मापाने. बैलासाठी जे विष, ते अळीसाठी अन्न आणि फुलपाखरासाठी कवच असते. एखादी वनस्पती निरुपयोगी आहे असे म्हणण्यापूर्वी 'कोणासाठी?' हा प्रश्न विचारावयास हवा. त्याचे उत्तर शोधण्यासाठी अरण्यात जाण्याची गरज नाही. रस्त्याकडेचे एक झुडूप पुरेसे आहे; फक्त त्याची पाने उलटून पाहिली पाहिजेत.

शब्दार्थ

निकस – कस नसलेली. उपेक्षित – दुर्लक्षिलेले. निश्चल – न हलणारा. बारे – शेताला पाणी देण्यासाठी पाटाला पाडलेले तोंड. परागण – परागांचे फुलाच्या स्त्रीकेसरापर्यंत पोचणे. चिकटा – मावा बाहेर टाकतो तो गोड, चिकट द्रव. निरुपद्रवी – त्रास न देणारी.

भाषाभ्यास

१. वाक्प्रचार : पाठ फिरवणे – दुर्लक्ष करणे, दूर जाणे; बस्तान बसवणे – स्थिर होणे; चाहूल लागणे – येण्याची जाणीव होणे; फडशा पाडणे – पूर्णपणे संपवणे. या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

२. सारखे शब्द, वेगळे अर्थ : हिंदीत 'रूई' म्हणजे कापूस, तर मराठीत 'रुई' म्हणजे या पाठातील झुडूप. दोन भाषांत सारखे दिसणारे, पण अर्थाने भिन्न असलेले आणखी तीन शब्द शोधून लिहा.

आपण काय शिकलात

- रुईचा चीक बहुतेक प्राण्यांना दूर ठेवतो. परंतु काही कीटकांनी त्यावर मात केली आहे.
- काही कीटक झाडाचे विष साठवून स्वतःचे रक्षण करतात आणि भडक रंगांनी इशारा देतात.
- भुंगा, मावा, मुंग्या, ढालकिडे, कोळी, टोळ आणि परजीवी कीटक एका झुडपाच्या आधारे परस्परांशी जोडलेले असतात.
- वनस्पतीची उपयुक्तता केवळ माणसाच्या गरजेवरून ठरत नाही.

उपक्रम

जवळचे रुईचे एक झुडूप निवडा. तीन आठवडे, दर दोन दिवसांनी, ठरावीक वेळी त्याचे निरीक्षण करा. कोणता जीव झुडपाच्या कोणत्या भागावर दिसला, याची तारखेसह नोंद ठेवा. पाने किंवा फुले तोडू नका. चीक हाताला लागल्यास हात साबणाने स्वच्छ धुवा. तो हात डोळ्यांना लावू नका.

पाठान्त प्रश्न

१. 'रंग हीच एक पाटी आहे' हे विधान पाठातील दोन उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.
२. प्लेन टायगर आणि डॅनाइड एगफ्लायची मादी यांतील साम्य व भेद सांगा.
३. भक्षक आणि परजीवी यांतील फरक सोदाहरण लिहा.
४. तुमच्या परिसरातील 'निरुपयोगी' मानल्या जाणाऱ्या एका वनस्पतीविषयी दहा ओळी लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) चीक घट्ट होऊन कीटकाचे तोंड चिकटवतो, तसेच त्यातील विष हृदयाची लय बिघडवते. (२) विष ज्या पंपाला अडकते, तो पंप वनस्पतींच्या पेशींत नसतो.

प्रश्न २ : (१) जोडीने बांधलेल्या परागांच्या पुड्यांना परागपुंज म्हणतात. (२) शिरेच्या पुढच्या भागाकडे येणाऱ्या चिकाचा पुरवठा तुटतो आणि अळीला तो भाग निवांतपणे खाता येतो.